नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायचंय: आधी कोर्स की आधी काम?

सांगली जिल्ह्यातल्या एका तरुणाने विचारलंय: बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झालंय, वय २४, वर्षभर संगणक दुरुस्ती आणि डेस्कटॉप सपोर्टचं काम केलंय, आता नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायचंय. पुण्यातली एक खासगी संस्था ९० हजार रुपयांत तीन सर्टिफिकेशनचं पॅकेज आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ देऊ म्हणते. वडील त्यासाठी कर्ज काढायला तयार आहेत. हा कोर्स करावा का, क्लाउड आणि एआयमुळे हे काम संपणार तर नाही ना, आणि घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे तो सरावाला पुरेल का, असे तीन प्रश्न आहेत.

कर्जाचं आधी सांगतो: आत्ता काढू नका.

तुम्ही कोर्सबद्दल विचारताय, पण तुमची खरी अडचण अशी आहे की समोरच्याने तुमच्या हाती चालू नेटवर्क विश्वासाने द्यावं, यासाठी दाखवण्यासारखं तुमच्याकडे अजून काही नाही. या नोकरीचं सार दोन गोष्टींत आहे. बिघाड नेमका कुठे आहे हे टप्प्याटप्प्याने शोधणं, आणि चालू नेटवर्कला हात लावताना ते बंद न पाडणं. सर्टिफिकेटमुळे मुलाखतीचा फोन येतो, पुढचं सगळं या दोन गोष्टींवर ठरतं. मुलाखतीला येणाऱ्या बहुतेकांना ओएसआयचे सात थर (नेटवर्कचं काम समजावणारा पुस्तकी आराखडा) पाठ असतात. ‘एका मजल्यावरचे दहाच संगणक बंद आहेत, बाकी चालू आहेत, सुरुवात कुठून कराल?’ असं विचारलं की मात्र गाडी अडते. तुम्ही वर्षभर लोकांच्या टेबलाखाली वाकून केबल तपासल्या आहेत, म्हणजे या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याकडे आधीच आहे. त्या वर्षाला कमी लेखू नका.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या इथे बसून मला ठरवता येणार नाहीत. पुण्यात किंवा नवी मुंबईत राहायची सोय आहे का, रात्रपाळी झेपेल का, सहा महिने कमी पगारावर निभेल का, इंग्रजीतलं तांत्रिक वाचन किती सरावाचं आहे. एकट्याने अभ्यासाला बसणं ज्यांना अजिबात जमत नाही त्यांना वर्गाचा उपयोग होतो, हेही खरं. पण त्यासाठी ९० हजार लागत नाहीत.

संस्थेला चार गोष्टी लेखी विचारा. पॅकेजमध्ये परीक्षेची फी धरली आहे का, आणि परीक्षेचा कोड कोणता? प्रत्येक विद्यार्थ्याला खऱ्या स्विच-राउटरवर (स्विच संगणकांना एकमेकांशी जोडतो, राउटर एका नेटवर्कला दुसऱ्याशी) किती तास मिळतात? शिकवणारा माणूस सध्या कुठलं नेटवर्क सांभाळतो का? आणि ‘प्लेसमेंट’ म्हणजे नोकरी की मुलाखतीची संधी? जाहिरातीतली ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ करारपत्रात बहुधा ‘जॉब असिस्टन्स’ होते, तो शब्द नीट वाचा. शिवाय तीन सर्टिफिकेशन एकदम घेण्यात अर्थ नाही. सीसीएनए हे सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचं पायाभूत सर्टिफिकेट तीनच वर्षं वैध असतं. त्याच्या वरची परीक्षा कामाचा अनुभव नसताना दिली, तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडं पडतं आणि मग पहिल्या सर्टिफिकेटवरही शंका घेतली जाते.

आता काम कसं असतं ते जवळून बघू. त्यातूनच काय शिकायचं ते कळेल.

तक्रार येते: ‘नेट चालत नाही.’ पहिला प्रश्न, एकाचं की अनेकांचं? एकाचंच असेल तर त्याच्या संगणकावर पत्ता दाखवणारी ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही कमांड चालवा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपी सर्व्हरकडून (संगणकांना पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून) उत्तरच आलेलं नाही, विंडोजने स्वतःच पत्ता घेतलाय. म्हणजे केबल, पोर्ट, व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेला वेगळा गट) किंवा डीएचसीपी या चारांतच शोध. पत्ता बरोबर असेल तर गेटवेला, म्हणजे बाहेर जाण्याच्या दाराला, पिंग करून हाक द्या. पिंगला उत्तर नसेल तर लगेच गेटवे बंद आहे असं म्हणू नका, काही फायरवॉल पिंगला उत्तर देतच नाहीत. आयपी पत्ता आणि मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) यांच्या जोड्या दाखवणारी ‘एआरपी -ए’ ही कमांड बघा. त्या यादीत गेटवेचा मॅक पत्ता दिसत असेल तर खालचा रस्ता शाबूत आहे. मग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग, आणि मग नावावरून पत्ता शोधणारी ‘एनएसलुकअप’ कमांड. आकड्याने बाहेर जाता येतं पण नावाने नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचा. एवढं सगळं तीन-चार मिनिटांत होतं, आणि वरिष्ठाला फोन करताना ‘नेट बंद आहे’ऐवजी ‘डीएचसीपीचं उत्तर तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच व्हीलॅनला मिळत नाही’ असं सांगता येतं. ते वाक्य ऐकल्यावर वरिष्ठाचा सूर बदलतो.

हाच तपास ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीला लावा. लिंक स्पीड बघा. गिगाबिट पोर्टवर १०० एमबीपीएस दिसतंय का? १०० एमबीपीएसला केबलमधल्या दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६, म्हणजे टी५६८बी पद्धतीत नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी तुटली असेल, कनेक्टरमध्ये नीट बसली नसेल, तर लिंक अनेकदा गुपचूप १०० वर येते. दिवा लागलेला असतो, पिंग जातो, म्हणून कुणाला संशय येत नाही. दीडशे-दोनशे रुपयांचा केबल टेस्टर हे एका क्षणात दाखवतो. आणि केबल घेताना शंभर टक्के तांब्याचीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बाजारात निम्म्या दरात मिळते. तिचा रोध जास्त, ती तापते, आणि तिच्यावरून कॅमेरा किंवा अ‍ॅक्सेस पॉइंटला (वाय-फाय देणाऱ्या उपकरणाला) वीज दिली की ५०-६० मीटरच्या पुढे उपकरणं आपोआप रीस्टार्ट होऊ लागतात. एकूण अंतराची मर्यादा १०० मीटर: भिंतीतली केबल ९०, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (छोट्या जोडकेबल) मिळून १०. एका इमारतीतून दुसरीत जायचं असेल तर तांबं नकोच, फायबर टाका. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. मे-जूनच्या विजांत तांब्याच्या केबलच्या दोन्ही टोकांचे स्विच एकदम जातात.

दुसरा नमुना थोडा पुढचा. सकाळी दहा वाजता एका विभागातल्या निम्म्या लोकांचं नेट बंद, निम्म्यांचं चालू. बंद असलेल्यांचा पत्ता बघितला तर १९२.१६८.०.काहीतरी, आणि तुमचं नेटवर्क तर १०.२०.३०.० आहे. याचा अर्थ कुणीतरी घरून वाय-फाय राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये ऑफिसची केबल खोचली आहे. तो राउटर स्वतः डीएचसीपी वाटतोय आणि ज्याच्यापर्यंत त्याचं उत्तर आधी पोचलं तो संगणक त्याचा झाला. त्याला शोधायला मजलाभर फिरायची गरज नाही. बंद संगणकावर ‘एआरपी -ए’ने त्या खोट्या गेटवेचा मॅक पत्ता घ्या, स्विचवर ‘शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल’मध्ये तो कोणत्या पोर्टवर दिसतो ते बघा. तो पोर्ट वरच्या स्विचकडे जाणारा असेल तर त्या स्विचवर हेच पुन्हा. दोन-तीन पायऱ्यांत तुम्ही नेमक्या भिंतीवरच्या आय-ओ बॉक्सपर्यंत (केबल खोचायच्या सॉकेटपर्यंत) पोचता. अर्थात, त्या बॉक्सवर आणि पॅच पॅनेलवर (रॅकमध्ये सगळ्या केबल जिथे येतात त्या पट्टीवर) आकडे लिहिलेले असतील तरच. म्हणून लेबल मारणं हे कारकुनी काम समजू नका.

पुन्हा होऊ नये यासाठी डीएचसीपी स्नूपिंग लावतात, म्हणजे पत्ते वाटणारी उत्तरं फक्त ठरवून दिलेल्या पोर्टवरूनच येऊ देतात. नवखा इथे एक चूक हमखास करतो. स्नूपिंग सुरू करतो, पण खऱ्या सर्व्हरकडे जाणारा अपलिंक ‘ट्रस्टेड’ करायला विसरतो. पत्ते आधीच मिळालेले असल्याने लगेच काही बिघडत नाही. पत्त्याची मुदत संपेल तसे एकेक संगणक गळू लागतात आणि तोवर आपण काय बदललं होतं हे विसरायला होतं.

लूपचंही, म्हणजे केबलने नकळत गोल वाट तयार होण्याचंही, असंच. आयपी फोनला दोन पोर्ट असतात. सफाईच्या वेळी निघालेल्या दोन्ही केबल कुणीतरी भिंतीत खोचून ठेवतं. इथरनेटच्या फ्रेमला (केबलवरून जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याला) आयुष्याची मर्यादा नसते, आयपी पॅकेटसारखा टीटीएल (किती टप्प्यांनी संपायचं तो आकडा) तिच्यात नाही, त्यामुळे ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून पाठवलेली फ्रेम) फिरतच राहतो आणि वाढत जातो. रॅकमधले सगळे दिवे एका तालात लुकलुकताना दिसले की आधी लूप आठवा. प्रत्येक अ‍ॅक्सेस पोर्टवर पोर्टफास्टसोबत (पोर्ट लगेच सुरू करणारी सोय) बीपीडीयू गार्ड (लूप ओळखून पोर्ट बंद करणारी सोय) लावलेलं असेल तर सहसा तो एक पोर्ट ‘एरर-डिसेबल’ होतो आणि बाकीचं ऑफिस वाचतं. पोर्ट परत सुरू करण्याआधी केबल काढा. नाहीतर पाच सेकंदांत तो पुन्हा बंद होईल.

सबनेटिंगबद्दल, म्हणजे पत्त्यांचा संच लहान गटांत वाटण्याबद्दल, दोन शब्द, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. समजा १९२.१६८.१०.०/२४ (म्हणजे २५६ पत्ते; तिरक्या रेघेनंतरचा आकडा एकाने वाढला की संच निम्मा होतो) दिलंय आणि पाहुण्यांच्या वाय-फायला १००, उत्पादन विभागाला ६०, लेखा विभागाला २५ आणि कॅमेऱ्यांना २० पत्ते हवेत. मोठ्यापासून सुरुवात करा. १०० साठी /२५, म्हणजे शेवटचा आकडा ० ते १२७. ६० साठी /२६, १२८ ते १९१. लेखा /२७, १९२ ते २२३. कॅमेरे /२७, २२४ ते २५५. गणित चोख जुळलं, परीक्षेत पूर्ण गुण. पण प्रत्यक्षात हा आराखडा मी नापास करेन. /२६ मध्ये वापरता येणारे पत्ते ६२, एक गेटवेचा, उरले ६१. उत्पादन विभागात दोन माणसं वाढली की खेळ संपला. आणि स्विचच्या व्यवस्थापनासाठी एकही पत्ता शिल्लक ठेवलेला नाही. आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने १० ने सुरू होणारा सबंध /८ खासगी वापरासाठी मोकळा ठेवलाय. ऑफिसात प्रत्येक व्हीलॅनला सरळ एक /२४ द्या आणि तिसरा आकडा व्हीलॅनच्या क्रमांकाशी जुळवा: व्हीलॅन ३० म्हणजे १०.२०.३०.०. रात्री दोन वाजता झोपेतून उठूनही पत्ता वाचून विभाग ओळखता आला पाहिजे.

आता दुसरी गोष्ट, चालू नेटवर्कला हात लावणं. सिस्कोच्या स्विचवर ट्रंकमध्ये (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीत) नवीन व्हीलॅन ४० सोडायचाय. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०’ असं लिहिलं तर आधीची यादी पुसली जाते आणि ट्रंकवर फक्त ४० उरतो. ‘अ‍ॅड’ हा एक शब्द राहिला म्हणून अख्खा मजला बंद. तुम्ही त्याच ट्रंकवरून त्या स्विचवर गेलेले असाल तर तुमचा स्वतःचा रस्ताही तुटला. म्हणून दूरच्या उपकरणावर धोक्याचा बदल करण्याआधी कॉन्फिगरेशन सेव्ह करून त्याची प्रत घ्या आणि ‘रीलोड इन १०’ द्या. रस्ता तुटलाच तर दहा मिनिटांनी उपकरण स्वतः रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर येतं. सगळं ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ करा, आणि मगच नवं सेव्ह करा. क्रम उलटा झाला, आधी सेव्ह केलं, तर हा उपाय निकामी. जुनिपर कंपनीच्या उपकरणांत याच कामाला ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे, मिक्रोटिक कंपनीच्या उपकरणांत ‘सेफ मोड’. ही सवय तुम्हाला लॅबमध्येच लागली पाहिजे, जिथे चुकलं तरी कुणाचं काम अडत नाही. बदल करण्याआधी कागदावर चार ओळी लिहा: काय बदलणार, कोणाला फटका बसू शकतो, झालं हे कशावरून तपासणार, बिघडलं तर परत कसं येणार. चौथी ओळ लिहिता येत नसेल तर त्या दिवशी तो बदल करू नका.

परीक्षेकडे वळू. सुरुवातीसाठी सीसीएनए, कोड २००-३०१, हाच माझा सल्ला. ती सिस्कोची असली तरी तिच्यात शिकलेलं व्हीलॅन, ओएसपीएफ (राउटरनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत), नॅट (खासगी पत्ते सार्वजनिक पत्त्यात बदलणं), एसीएल (कुणाला जाऊ द्यायचं याची यादी) सगळीकडे चालतं, आणि आपल्याकडच्या भरतीवाल्यांना ते नाव माहीत आहे. वेळ १२० मिनिटं. गुणांची वाटणी अशी: नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, स्विचिंग आणि वायरलेस २०, राउटिंग २५, डीएचसीपी-नॅट-एनटीपीसारख्या (एनटीपी म्हणजे घड्याळं जुळवणारी) सेवा १०, सुरक्षा १५, ऑटोमेशन १०. फी गेली काही वर्षं ३०० डॉलर अधिक कर अशी आहे, म्हणजे विनिमय दराप्रमाणे तीस हजार रुपयांच्या आसपास. भरण्याआधी चालू आकडा बघून घ्या. फुटलेल्या प्रश्नांचे संच, ज्याला सगळे ‘डम्प’ म्हणतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. सापडलात तर निकाल रद्द होऊ शकतो. न सापडताही नुकसान तुमचंच: नोकरीत पहिल्या आठवड्यात कन्सोल केबल (उपकरणाला लॅपटॉप थेट जोडायची केबल) हातात येते आणि त्या वेळी समोर अ, ब, क, ड असे पर्याय नसतात.

सहा महिने, रोज दोन तास, असा हिशोब धरा. पहिले सहा आठवडे पत्ते, सबनेट, एआरपी, डीएचसीपी, डीएनएस, आणि सोबत वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट उघडून दाखवणारा प्रोग्राम). स्वतःच्या लॅपटॉपवर वायरशार्क सुरू करून ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ चालवा आणि डीएचसीपीची चार पॅकेट, डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक, डोळ्यांनी बघा. एकदा बघितलं की ते पाठ करावं लागत नाही. पुढचे सहा आठवडे स्विचिंग: व्हीलॅन, ट्रंक, स्पॅनिंग ट्री (लूप टाळणारी पद्धत), इथरचॅनेल (अनेक केबल मिळून एक जोडणी). मग दोन महिने राउटिंग, विशेषतः ओएसपीएफ, आणि नॅट-एसीएल. उरलेल्या काळात वायरलेस, सुरक्षा, ऑटोमेशन आणि उजळणी. प्रत्येक लॅब चालली की तिथे थांबू नका, ती मुद्दाम मोडा. एका बाजूचा नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवर खूण न लावता जाणारा) बदला, ओएसपीएफचा हॅलो टायमर (शेजारी राउटरला किती सेकंदांनी हाक द्यायची ते) एका राउटरवर १० चा १५ करा, एसीएलमध्ये परवानगीची ओळ नकाराच्या खाली टाका. मग लक्षण काय दिसतं ते वहीत लिहा. त्या वहीत चाळीस-पन्नास नोंदी झाल्या की मुलाखतीला सोबत न्या. ‘टायमर जुळले नाहीत तर ओएसपीएफचा शेजारी दिसतच नाही, एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जुळला नाही तर तो एक्सस्टार्टमध्ये (जोडणी होण्याच्या मधल्या टप्प्यात) अडकतो’ हे ज्याने स्वतः घडवून बघितलंय त्याच्या बोलण्यातच ते कळतं.

पहिली नोकरी कुठे? तुमच्यासारख्याला चार दारं आहेत.

नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे भागात डेटा सेंटर आहेत आणि पुण्यात कंपन्यांचे नेटवर्क ऑपरेशन सेंटर आहेत. तिथे एल-वन (पहिल्या पातळीचा तंत्रज्ञ) म्हणून तीन पाळ्यांत अलार्म बघायचे, तिकीट नोंदवायचं, ठरलेल्या पायऱ्या करायच्या. मोठं नेटवर्क बघायला मिळतं, पण हात लावायला कमी मिळतं. वर्ष-दीड वर्षात एल-टूकडे सरकला नाहीत तर माणूस स्क्रीनसमोर गंजतो. दुसरं दार फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपन्यांचं: पगार त्यांचा, बसायचं ग्राहकाच्या ऑफिसात, रेसिडेंट इंजिनिअर म्हणून. करार कुणाशी, पीएफ कोण भरणार, ग्राहकाचं कंत्राट संपलं तर तुमचं काय, हे सही करण्याआधी विचारा.

तिसरं दार म्हणजे तुमच्या तालुक्यातला इंटरनेट सेवा देणारा. सुशिक्षित मुलं याला नाक मुरडतात, ते चुकतं. तिथे मिक्रोटिकवर पीपीपीओई (ग्राहकाचं नाव-पासवर्डने लॉगिन), बँडविड्थचं नियोजन, कॅरिअर ग्रेड नॅट (एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक) आणि फायबर हे सगळं खऱ्या ग्राहकांवर शिकायला मिळतं. फायबरचं गणितही तिथेच अंगवळणी पडतं. ओएलटीकडून (सेवादात्याकडच्या फायबर यंत्राकडून) अधिक ३ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) निघालं, १:३२ च्या स्प्लिटरने (एक फायबर ३२ जणांत वाटणाऱ्या जोडाने) साधारण १७ डीबी खाल्ले, पाच किलोमीटर फायबरने दीड आणि जोडांनी एक, तर ग्राहकाच्या ओएनटीवर (घरातल्या फायबर बॉक्सवर) उणे साडेसोळाच्या आसपास दिसायला हवं. तिथे उणे २५ दिसत असेल तर लिंक चालू असूनही साडेआठ डीबी कुठेतरी गळतायत: कपाटामागे दुमडलेली पॅच कॉर्ड, धूळ बसलेला कनेक्टर, फसलेला स्प्लाइस (फायबरचा सांधा). आज चालतंय म्हणून सोडलं तर थोडीशी आणखी गळती झाली की उणे २७-२८ ला ग्राहक बंद. असा हिशोब करणारा तंत्रज्ञ मालकाला हवाच असतो. कॅरिअर ग्रेड नॅट समजलं की ‘कॅमेऱ्याचा डीव्हीआर बाहेरून का दिसत नाही’ याचंही उत्तर मिळतं: राउटरच्या वॅनवर (बाहेरच्या बाजूला) १००.६४ ते १००.१२७ यांतला पत्ता असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती आतल्या उपकरणाकडे वळवणं) कितीही केलं तरी उपयोग नाही, खरा सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा लागतो.

चौथं दार एमआयडीसीतल्या कारखान्याचं: चाकण, सातपूर, वाळूज, तुमच्या जवळची शिरोली किंवा कुपवाड. तिथे बहुधा तुम्ही एकटेच, प्रिंटरपासून फायरवॉलपर्यंत. शिकवणारं कुणी नसतं, पण निर्णय तुमचे असतात. तिथला एक नेहमीचा घोळ सांगतो. स्विचला २४ पोर्टवर पीओई (डेटाच्याच केबलमधून वीज) आहे, म्हणून २४ कॅमेरे लावले. दिवसा सगळे चालतात, अंधार पडला की पाच-सहा बंद. पोर्ट २४ असले तरी एकूण वॅट ठरलेले असतात. साध्या पीओईला प्रति पोर्ट १५.४ वॅट, २४ पोर्टना ३७० च्या आसपास. स्वस्त स्विचमध्ये एकूण बजेट अनेकदा १९० वॅटचंच असतं. दिवसा कॅमेरा पाच वॅट घेतो, रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की दहाच्या आसपास जातो. २४ गुणिले १०, झाले २४०. स्विच मग कमी प्राधान्याचे पोर्ट बंद करतो. खरेदीच्या कागदावर पोर्टच्या शेजारी वॅटचा रकाना काढला असता तर हे झालं नसतं. तीच गोष्ट विजेची: रॅकच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मल्टिमीटरने मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसला तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, नवा स्विच नंतर चढवा.

चारांपैकी निवड करताना पगाराचा आकडा एकटा बघू नका. पहिल्या दोन वर्षांत तुमच्या हाती उपकरणाचा पासवर्ड येणार आहे का, हे विचारा. दोन-तीन हजार कमी मिळत असतील पण कॉन्फिगरेशन करायला मिळणार असेल तर ती नोकरी घ्या.

कायद्याचा एक भागही आता या कामात आलाय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (उपकरणांच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे, ठरावीक सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या, आणि उपकरणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. लहान कंपन्यांत हे कुणी केलेलं नसतं. एनटीपी आणि सिसलॉग (नोंदी एका जागी गोळा करणं) नीट लावता येणं ही सीसीएनएमधली दहा टक्क्यांची बाब वाटते, पण एखादी घटना घडली आणि फायरवॉलचं घड्याळ सात मिनिटं मागे निघालं, तर कोणत्या संगणकाने आधी काय केलं हेच जुळवता येत नाही.

क्लाउड आणि एआयबद्दल. सर्व्हर क्लाउडवर गेले की सर्व्हर रूम लहान होते हे खरं, आणि नुसत्या ठरलेल्या पायऱ्या करणारं एल-वनचं काम कमी होत जाणार हेही खरं मानून चाला. पण शाखेतला वाय-फाय, केबल, फायरवॉल, दोन सेवादात्यांच्या लाइन हे सगळं जागेवरच असतं. आणि क्लाउडमध्येही सबनेट, राउट टेबल आणि फायरवॉलचे नियमच असतात. एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेत प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते राखीव असतात, त्यामुळे तिथे /२८ घेतलं तर १६ पैकी ११ च हाती येतात. ऑफिसात १९२.१६८.१.० आणि क्लाउडमध्येही १९२.१६८.१.० घेऊन ठेवलं की दोघांमध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी) जोडताना डोकं धरून बसावं लागतं. मूळ पक्कं असलेल्याला क्लाउड शिकायला काही महिने लागतात, उलटं मात्र फार अवघड जातं.

ऑटोमेशन शिकाच, पण पायरीने. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि नेटमिको हे तिच्यातलं उपकरणांशी बोलणारं साधन घ्या आणि पहिली स्क्रिप्ट फक्त वाचणारी लिहा: लॅबमधल्या सगळ्या स्विचवर जाऊन ‘शो रनिंग-कॉन्फिग’ घ्यायचं आणि तारखेच्या नावाने साठवायचं. दोन दिवसांच्या फायली शेजारी ठेवल्या की काय बदललं ते दिसतं. स्क्रिप्टने बदल करणं हे त्यानंतर काही महिन्यांनी. एआयने लिहून दिलेलं कॉन्फिगरेशन वापरायला हरकत नाही, पण प्रत्येक ओळ तुम्हाला समजावून सांगता आली पाहिजे. वर सांगितलेला ‘अ‍ॅड’ शब्द त्यातही राहू शकतो, आणि मजला बंद पडल्यावर फोन तुम्हाला येतो.

शेवटी लॅपटॉप. ४ जीबी रॅमवर पॅकेट ट्रेसर हा नेटवर्कची नक्कल करणारा प्रोग्राम चालतो. तो सिस्को नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीवर मोफत नाव नोंदवून मिळतो आणि सीसीएनएच्या बहुतेक लॅबना पुरतो. ब्राउझर बंद ठेवा. जमलं तर आणखी ४ जीबीची पट्टी आणि एसएसडी टाका. ईव्ह-एनजी किंवा जीएनएस३ हे त्याच कामाचे मोठे प्रोग्राम नीट चालायला १६ जीबी लागतात, त्याची घाई नाही. ९० हजारांऐवजी खर्च असा करा: क्रिंपिंग टूल, पंचिंग टूल, टेस्टर आणि तांब्याची थोडी केबल मिळून दोन-अडीच हजार, यूएसबी कन्सोल केबल चार-पाचशे, एक जुना मॅनेज्ड (कॉन्फिगर करता येणारा) २४ पोर्टचा स्विच जुन्या बाजारातून तीन-चार हजारांत. घेताना तो सुरू करून कन्सोलवर बूट होताना बघा, आणि पंखा फिरतोय ना तेही बघा. पासवर्ड लावलेला असेल तर तो काढता येतो, आणि तेच तुमचं पहिलं प्रॅक्टिकल समजा. कन्सोलचा वेग ९६०० ठेवा. अक्षरांऐवजी कचरा दिसला तर बहुधा तोच चुकलेला असतो.